ऑडिट पास, इमारत नापास

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये आठ मजली राणा प्लाझा कोसळली. १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशीच तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या पाच कारखान्यांत मात्र शिवणकामगारांना बोलावलं गेलं.

तिथल्या काही कारखान्यांचं सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, झालेलं होतं. हजेरीपट, वयाचे दाखले, अग्निशामक नळकांडी असं सगळं त्यात तपासतात. खांब किती भार पेलतो, हा प्रश्नच फॉर्मवर नसायचा. शिवाय ऑडिटचं बिल बहुधा कारखानदारच भरतो, मग काय निघणार?

मे २०१३ चा बांगलादेश अकॉर्ड, म्हणजे कपड्यांचे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला सुरक्षा करार, वेगळा ठरला तो इथे. ब्रँडची सही कायद्याने बांधील, तंटा आधी कराराच्या सुकाणू समितीकडे, तिथे मिटला नाही तर लवादाकडे. स्वतंत्र इंजिनिअर तपासणी करणार, अहवाल जाहीर. जिन्यावरची कुलपं आणि सरकती लोखंडी दारं काढून आगरोधक दारं बसवायची. दुरुस्तीसाठी काम थांबलं तरी सहा महिन्यांपर्यंत पगार चालू. कारखानदार ऐकेना, तर सही केलेल्या सगळ्याच ब्रँडच्या ऑर्डरी बंद. खरी धास्ती याचीच.

ओव्हरटाइमचं दुखणं मात्र इंजिनिअरच्या हातात नाही. शर्टाला २० मिनिटं धरली, तर १०,००० शर्टांना साधारण ३,३३३ तास लागतात. कापड आठवडाभर उशिरा मंजूर करायचं आणि जहाजाची तारीख तीच ठेवायची, तर ते तास रात्रीतूनच निघणार. म्हणून मर्चंडायझरच्या, म्हणजे ऑर्डरीचा पाठपुरावा करणाऱ्याच्या, ईमेलच्या तारखाही तपासा, नुसतं मस्टर नको.