धामणगाव गढीचा घाट आणि मागे सरकलेली गाडी

अमरावती ते परतवाडा हा रस्ता इतका सपाट आहे की गाडीला हिल असिस्ट, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, आहे की नाही, हे वर्षभर कळतही नाही. जुलैतल्या शनिवारी आईला घेऊन चिखलदऱ्याला निघालो, तेव्हा कळलं.

परतवाडा सोडताना डॅशबोर्डवर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता. चाकाच्या सेन्सरला काळी माती लागली असेल, असं मीच ठरवून टाकलं. पावसाळ्यात आपण सगळा दोष काळ्या मातीलाच देतो.

धामणगाव गढी मागे पडली आणि घाट लागला. एका वळणावर एसटी आणि वरून येणारी ट्रॅव्हल्स समोरासमोर आल्या, मागे आमची रांग. एसटी हलली, मी ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी सरळ मागे! एरवी पाय उचलल्यावर ती दोनेक सेकंद चढावर धरून राहते. घाबरून पुन्हा ब्रेक दाबला.

"अरे, मागं कायले चालली?" आई.

मागच्या जीपचा ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला. "भाऊ, तुमची ब्रेकलाईट तं लागूनच नाही राह्यली! मले कसं समजन, तुमी थांबले का चालले?"

मग जुनी रीत. हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडला. इंजिनचा आवाज बसला, बॉनेट किंचित उचललं, तेव्हा हँडब्रेक खाली. दोनदा गाडी बंद पडली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकलो होतो, पण हिल असिस्टनं सवय पार मोडली होती.

वर धुकं एवढं की भीमकुंडाच्या धबधब्याचा नुसता आवाज ऐकला. १११८ मीटरवरच्या गावात रात्रभर मला मात्र ब्रेकलाईटच दिसत होती.

रविवारी मागे अंतर ठेवायला सांगत, खिडकीतून हात दाखवत परतवाड्याला उतरलो. मेकॅनिकनं मातीची गोष्ट ऐकून घेतली, चाकाकडे पाहिलंही नाही. त्यानं पेडल दाबलं, मला मागे उभं केलं. तिन्ही दिवे बंद.

"तीन बल्ब एकाच वक्ती नाही जात, भाऊ."

फ्यूज ठीक होता. मग तो डोकं खाली घालून पेडलच्या वर हात घालत शिरला. तिथे अंगठ्याएवढा ब्रेक स्विच असतो. त्याची पिन काढून दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडली, तर मागे लख्ख लाल! स्विचच मेला होता. पाय ब्रेकवर आला-गेला हे गाडीला तोच सांगतो. तो गप्प बसला, तर ब्रेकचा दाब सांभाळणाऱ्या एबीएसच्या युनिटनं चाकांच्या ब्रेकमधला दाब कधी धरून ठेवायचा? चढाचा सेन्सर, चाकांचे सेन्सर सगळे शाबूत, आणि खबर देणाराच मुका.

गावातल्या दुकानात स्विच मिळाला. स्कॅनर लावून बिघाडाचा जुना कोड पुसला, पिवळा दिवा गेला. पण परतवाड्यात चढ कुठून आणणार? मेकॅनिकला शेजारी बसवून परत घाटाच्या तोंडाशी गेलो. पहिला गिअर, क्लच दाबलेला, ब्रेक घट्ट. ब्रेक सोडला. एक... दोन... गाडी जागची हलली नाही. मग हळूच मागे सरकायला लागली.

"बराबर हाय," मेकॅनिक म्हणाला. "तेवढंच धरते थे."

मी गाडी वळवायला जागा शोधत होतो, तर मागून आई म्हणाली, "तोंड वरच हाय तं चाल ना बाप्पा. काल रबडी घ्याची राह्यली."

मेकॅनिकही काही बोलला नाही, त्यानं सीटबेल्ट लावला.