पाण्याचा हिशेब: पीसीटीचे पहिले सातशे मैल

मेक्सिकोच्या सीमेवर, कॅम्पो गावाबाहेर, लाकडी खांबांचं एक स्मारक आहे. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी) ही अमेरिकेतली लांब पल्ल्याची पायवाट तिथून सुरू होते आणि साधारण ४,२६५ किलोमीटरनंतर कॅनडाला पोचते. तिचे पहिले सातशे मैल, म्हणजे ११२५ किलोमीटरच्या आसपास, ट्रेलवर सरसकट 'डेझर्ट' म्हणूनच ओळखले जातात. मी लिहितेय ते एवढ्याबद्दलच. पुढच्या सिएरा नेवाडा पर्वतांचे फोटो सगळेच टाकतात.

परवान्याचं थोडक्यात सांगते. ५०० मैल किंवा त्याहून जास्त चालायचं असेल तर सगळ्या वाटेसाठी एकच परवाना पुरतो. सीमेवरून उत्तरेकडे निघणाऱ्यांना मात्र दिवसाला ५० च मिळतात, त्यामुळे ऑनलाइन रांगेत नशीब लागतं. मला एप्रिलचा मध्य मिळाला.

वाळवंट म्हणजे वाळू आणि सपाटी, ही माझी समजूत माउंट लगुनावर मोडली. साधारण १,८०० मीटरवर पाइनचं जंगल, आणि पहाटे बाटलीत बर्फाचा थर! उन्हासाठी चंदेरी छत्री आणली होती, पण वजन वाचवायला हातमोजे घरीच ठेवले होते. तंबूच्या खुंट्या उपटताना बोटं वळेनात. इथे वाट सारखी चढते-उतरते. सकाळी थंडीने कुडकुडायचं आणि दुपारी खाली निवडुंगांत भाजून निघायचं.

खरा धडा मिळाला तो सिझर्स क्रॉसिंगपासून पुढे. तिथून बॅरल स्प्रिंगपर्यंत जवळजवळ ३८ किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही. मधे, बाविसाव्या किलोमीटरच्या सुमारास, थर्ड गेटपाशी स्वयंसेवक पाण्याचे कॅन आणून ठेवतात. हे पाणी गृहीत धरू नका, असं सगळीकडे बजावलेलं असतं. मीही वाचलं होतं. पण एक लिटर म्हणजे एक किलो, आणि सहा किलो पाणी पाठीवर घेऊन सॅन फेलिपेचे उघडे डोंगर चढायचे, या विचारानेच माझी अक्कल गहाण पडली. मी चार लिटर भरले.

सावली अशी नाहीच. ओकोटिओ नावाच्या झुडपाच्या काटेरी काठ्या सावली देत नाहीत. अकरा वाजता एका खडकाच्या आडोशाला छत्री टेकवली आणि चार वाजेपर्यंत पडून राहिले. तरी घोट घोट करत पाणी संपतच होतं. संध्याकाळी थर्ड गेटला पोचले तेव्हा माझ्याकडे जेमतेम पाऊण लिटर उरलं होतं, आणि दोरीला बांधलेले सगळे कॅन रिकामे. एकेक उचलून हलवून पाहिला. राग आला तो कॅन ठेवणाऱ्यांचा, आणि दुसऱ्याच क्षणी त्या रागाची लाज वाटली. पदरमोड करून कुणी डोंगरात पाणी वाहून आणतं आणि मी त्यांच्यावर चिडतेय!

मुक्काम केला असता तर सकाळी कोरड्या घशाने उन्हात निघावं लागलं असतं. म्हणून बसले नाही. जेवण शिजवायला पाणी लागतं, तेही टाळलं. हेडलॅम्प लावला आणि उरलेले सोळा किलोमीटर रात्रीच चालले. दर तासाला दोन घोट, त्यापेक्षा जास्त नाही. त्या रात्रीची भीती आठवते तशी आणखी एक गोष्ट आठवते. उतारावर कुठेतरी दिवा बंद केला आणि चांदण्यात वाट स्वच्छ दिसली. गार वारा, दगडांची ऊब, आणि माझ्या काठ्यांचा आवाज. दिवसभर अंगावर येणारा तोच डोंगर रात्री इतका मवाळ असेल, हे मी एरवी कधी पाहिलंच नसतं.

पहाटे दोनच्या सुमारास बॅरल स्प्रिंगच्या सिमेंटच्या हौदाशी पोचले. पाण्यावर शेवाळ होतं. फिल्टरमधून ते थेंब थेंब उतरायची वाट पाहणं हा त्या दिवसातला सगळ्यात लांबलेला वेळ.

त्यानंतर घड्याळच बदललं. पहाटे साडेचारला निघायचं, भर दुपारी झोपायचं, संध्याकाळी पुन्हा चालायचं. पाणी दिसलं की आधी तिथेच बसून लिटरभर प्यायचं आणि मग बाटल्या भरायच्या. पोटातलं पाणी खांद्याला लागत नाही. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, मीठ लागतं. माझे हात सुजले आणि डोकं जड झालं, तेव्हा क्षारांची पाकिटं आठवली. थांबलं की बूट-मोजे काढून पाय वाळवायचे. हे आळसाने टाळलं आणि सॅन जसिंटो डोंगराच्या उतारावर फोडांनी त्याचा सूड घेतला. तिथे वाट दोन हजार मीटरहून जास्त उतरते, आणि तळाशी पाण्याचा नळ आहे. गुडघे शिव्या देत होते, पण तो नळ दिसला आणि मी चक्क हसले.

(रॅटलस्नेकबद्दल सगळे विचारतात. पाच दिसले. पाचही वेळा त्यांनी खुळखुळ वाजवून आधीच कळवलं; मीच दचकून उड्या मारल्या.)

मोहावे वाळवंटात गंमत याहून वाईट. १९१३ साली पुरा झालेला लॉस एंजेलिसचा कालवा तिथे पोलादी नळातून आणि काँक्रीटच्या झाकणाखालून जातो आणि वाट त्याच्याच कडेने. पायाशी अख्खं शहर पिऊ शकेल इतकं पाणी, आणि आपण जोशुआ ट्रीच्या काळ्या आकृत्यांमधून रात्रभर दीड लिटर पुरवत चाललेलो.

सातशे मैलांच्या शेवटी, केनेडी मेडोज गावाच्या अलीकडे, साउथ फोर्क कर्न नदी लागते. तोवर दिसलेले झरे-ओढे मी विसरले, कारण ही सरळ वाहणारी, आवाज करणारी नदी होती. कपड्यांसकट आत बसले. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन पिशवी उचलली तर जड लागली. बाटल्यांमध्ये अजून तीन लिटर होते. शेजारी नदी वाहत असूनही ते ओतून टाकायचा धीर झाला नाही. तसेच पाठीवर घेऊन गावापर्यंत गेले.