बाटली सातवी: चिलीची कार्मेनेर

पंधरा डॉलरच्या आतल्या दक्षिण अमेरिकन रेड वाइनच्या वहीत आज सातवी नोंद. आधीच्या सहांपैकी चार अर्जेंटिनाच्या, माल्बेक द्राक्षाच्या निघाल्या, म्हणून यावेळी अँडीज ओलांडून चिलीत गेले. बाटली कोनो सुर या वाइनरीची बिसिक्लेता कार्मेनेर, लेबलवर सायकल असलेली. जोडीला मुद्दाम चिलीचीच एक स्वस्त मर्लो आणली.

मर्लो का, तर कार्मेनेर आणि मर्लो या दोन द्राक्षजातींच्या वेली चिलीत शंभराहून जास्त वर्षं एकाच मळ्यात मिसळून वाढल्या आणि दोन्हींना मर्लोच म्हटलं गेलं. कार्मेनेर मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. फिलॉक्सेराच्या किडीने तिकडच्या बागा बसल्या, आणि नव्या लागवडीत उशिरा पिकणारी ही लहरी वेल जवळजवळ कोणी घेतलीच नाही. चिलीत मात्र ती आधीच पोचली होती. २४ नोव्हेंबर १९९४ ला फ्रेंच वेलतज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनी विन्या कार्मेन या वाइनरीच्या मळ्यात तिला ओळखलं, तेही फुलातल्या पिळवटलेल्या पुंकेसरांवरून! ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, दरवेळी अंगावर काटा येतो.

नवऱ्याने आतल्या खोलीत दोन ग्लास भरून आणले, कुठला कुठला ते न सांगता. पहिल्या फेरीत मी चुकले. वाइन खोलीच्या तापमानाला होती, दोन्हींतून आधी अल्कोहोलच नाकाला झोंबत होतं. बाटल्या वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवल्या आणि पुन्हा बसले. आता डावा ग्लास नाकाशी नेताच ढोबळी मिरची, नुकतीच चिरलेली. मागोमाग आलुबुखार, थोडा कोको. रंग गडद जांभळट, टॅनिन, म्हणजे वाइनचा तुरटपणा, मऊ. उजव्यात नुसतं लाल फळ. यावेळी बरोबर ओळखली.

मिरचीचा भास ही कल्पना नाही. पायराझिन नावाची जी द्रव्यं ढोबळी मिरचीत असतात, तीच या द्राक्षात असतात आणि द्राक्ष पिकत जातं तशी कमी होतात. कार्मेनेर मर्लोनंतर काही आठवड्यांनी पिकते. दोन्ही एकदम तोडल्या की तिची कच्ची द्राक्षंही त्याच वाइनमध्ये जात. जुन्या चिलीयन मर्लोतल्या हिरवटपणाचं एक कारण हेच.

मग जेवायला पीठ पेरून ढोबळी मिरचीची भाजी केली. वाटलं होतं, हिरवट चव दुप्पट होईल. झालं उलटं: घासानंतर वाइनमधला हिरवटपणा मागे सरला आणि आलुबुखार पुढे आला. बेसनाच्या खमंगपणाशी तो कोको इतका जुळला, की मर्लोचा ग्लास तसाच राहिला. तिखट मात्र बेताचंच घाला, जास्त झालं की अल्कोहोल जाळतं.

गुण दहापैकी सात. शेवट, म्हणजे घोटानंतर रेंगाळणारी चव, जरा आखूड आहे, पण या किमतीत इतकी स्वतःची ओळख असलेली वाइन मला अजून मिळालेली नाही. पुढची बाटली चिलीतल्याच पेउमो भागातली कार्मेनेर. ती पंधरा डॉलरमध्ये बसत नाही, तरी तिच्यासाठी वहीचा नियम मोडणार आहे.