मेलास नावाचं गाव

उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकीत उतरल्यापासून पाव्लोस मेलास हे नाव पाठ सोडत नाही. त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि शहराला लागून असलेली एक अख्खी नगरपालिकाही त्याच्याच नावाची आहे. हा ग्रीक लष्करी अधिकारी 1904 मध्ये, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या मॅसिडोनियात, 34व्या वर्षी गेला. त्याची शेवटची मोहीम पुरती दोन महिनेही चालली नव्हती. मग एवढं नाव कशाने झालं, हे मला तो जिथे पडला त्या डोंगरात जाऊन बघायचं होतं.

निघण्याआधी थेसालोनिकीतलं मॅसिडोनियन संघर्षाचं, म्हणजे मॅसिडोनिया कुणाचा यावरून ग्रीक आणि बल्गेरियन टोळ्यांत पेटलेल्या लढ्याचं, संग्रहालय पाहून घेतलं. एकेकाळी इथे ग्रीक वकिलात होती, शेजारी कॅथेड्रल. शहर तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होतं आणि ग्रीक टोळ्यांची बरीचशी सूत्रं याच इमारतीतून हलत. मेलासचा तो प्रसिद्ध फोटो ग्रीसमध्ये जागोजागी दिसतो: काळसर जाड अंगरखा, छातीवर काडतुसांचे पट्टे, हातात बंदूक. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो. रापलेल्या बंडखोराचा चेहरा नाही तो. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या, काहीशा हळव्या माणसाचा आहे.

आणि तो तसाच होता. जन्म 1870 सालचा, मार्सेयचा. वडील पुढे अथेन्सचे महापौर झाले. स्वतः तोफखान्यात अधिकारी. बायको नतालिया ही स्तेफानोस ड्रागूमिस या बड्या राजकारण्याची मुलगी. तिचा भाऊ इओन मोनास्तिरला, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या बितोलाला, ग्रीसचा उपवाणिज्यदूत होता आणि तिथली खबर घरी पोचवत होता. 1897च्या युद्धात ग्रीसने तुर्कांकडून सपाटून मार खाल्ला होता आणि तो सल मेलासच्या मनातून गेलाच नाही. 1904 मध्ये तो तीन वेळा चोरून सरहद्दीपलीकडे, तुर्कांच्या मॅसिडोनियात गेला. टोपणनाव घेतलं मिकिस झेझास. मुलगा मिकिस आणि मुलगी झेझी, दोघांची लाडाची नावं जोडून केलेलं. वाटेतून तो नतालियाला पत्रं लिहायचा. घरच्या ओढीने व्याकूळ झालेला आणि तरी मागे न फिरणारा माणूस त्या पत्रांतून भेटतो.

त्या डोंगराच्या वाटेवरचं कास्तोरिया हे तळ्यात घुसलेल्या जमिनीवर वसलेलं गाव. फरच्या व्यापारावर मोठं झालेलं आणि बायझंटाइन चर्चनी गच्च भरलेलं. 1904 मध्ये इथला बिशप होता गेर्मानोस कारावांगेलिस, धर्मगुरू कमी आणि सेनापती जास्त. कारण लढाई नुसती तुर्कांशी नव्हती. 1870 मध्ये बल्गेरियन चर्च ग्रीक धर्मपीठापासून वेगळं झालं आणि तेव्हापासून गावोगावी एकच प्रश्न होता: तुमचा पाद्री कुणाचा, तुमची शाळा कुणाची? 1903चं इलिंदेनचं बंड तुर्कांनी चिरडलं, गावं जाळली, आणि त्या राखेवर ग्रीक आणि बल्गेरियन टोळ्या एकमेकींवर तुटून पडल्या. चुकीचं उत्तर देणाऱ्या गावकऱ्याचा जीव दोन्हीकडून जायचा. मेलासबद्दल आदर ठेवूनही हे लिहायलाच हवं.

तिथून वर कोरेस्तियाच्या डोंगरात शिरलो. ऑक्टोबर होता, झाडं पिवळी पडलेली. इथली जुनी घरं कच्च्या विटांची, तांबूस मातीची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ग्रीक यादवी युद्धात आणि त्यानंतर माणसं गेली ती गेलीच. मी एका भिंतीला हात लावला तर विटेतलं गवताचं काड बोटाला लागलं. छप्पर कोसळलेलं होतं, खिडकीची लाकडी चौकट मात्र जागेवर. अशा ओळीच्या ओळी उभ्या आहेत.

स्तातिस्ता इथलंच गाव. आता त्याचं नावच मेलास. 13 ऑक्टोबर 1904 (जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे) रोजी त्याची तुकडी इथल्या घरांत विसावली होती. तुर्की सैन्याने गावाला वेढा दिला. सांगतात की त्यांना हवा होता मित्रोस व्लाखोस हा बल्गेरियन बाजूचा म्होरक्या, झेझास इथे आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. चकमकीत मेलासच्या कमरेत गोळी घुसली आणि थोड्याच वेळात तो गेला. ते घर आता संग्रहालय आहे. अगदी साधं घर. एवढ्याशा जागेत ही माणसं अडकली होती हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

पुढचं ऐकवत नाही. प्रेताची ओळख पटू नये म्हणून साथीदारांनी त्याचं डोकं कापून नेलं आणि फ्लोरिनाच्या वाटेवर पिसोदेरी गावी चर्चमध्ये पुरलं. धड तुर्कांच्या हाती लागलं. ते कारावांगेलिसने खटपटी करून मिळवलं आणि कास्तोरियात दफन केलं. आज ताक्सिआर्खेस चर्चमध्ये त्याची समाधी आहे. नतालियाही तिथेच आहे. ती 1973 पर्यंत जगली, म्हणजे त्याच्यामागे जवळजवळ सत्तर वर्षं.

त्याच्या मरणाने अथेन्स हादरलं. तोवर कानाडोळा करणारे लोक स्वयंसेवक म्हणून निघाले, अधिकारी राजीनामे देऊन आले, आणि 1908च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीपर्यंत हा संघर्ष धगधगत राहिला. एवढ्या नावामागचं कारण मला इथे सापडलं: तो लढला थोडा, पण त्याच्यासारख्या घरचा माणूस इथवर येऊन मरतो, हे लोकांना सोसवलं नाही.

पण तुम्ही या बाजूला आलात तर मेलास गाव पाहून परत फिरू नका, कोट्टासच्या गावीही जा. कोट्टास इथलाच, बोली स्लाव, आधी बल्गेरियन बाजूच्यांबरोबर लढलेला, नंतर ग्रीकांचा झालेला. मेलास पहिल्यांदा आला तेव्हा वाट दाखवणारा हाच. 1905 मध्ये तुर्कांनी त्याला मोनास्तिरला फासावर दिलं. त्याचंही घर जपून ठेवलं आहे आणि गावाला त्याचंच नाव आहे. तिकडे फारसं कुणी जात नाही, आणि माझ्या मते या लढ्याची खरी गुंतागुंत त्याच घरात कळते.