प्रभुभोजनाचा रविवार

आज मंडळीत प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. पाळकसाहेबांनी लूक 22:20 वाचलं, ‘हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे’ हे येशूचं वचन, आणि मी मनाने थेट यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या 31व्या अध्यायात पोहोचले. बाबेलची फौज यरुशलेमच्या मानगुटीवर बसलेली, सीनाय डोंगरापाशी देवाने इस्राएलशी केलेला करार लोकांनी केव्हाच मोडलेला. आणि तेव्हाच देव म्हणतो, आता मी नियम त्यांच्या हृदयावर लिहीन, त्यांचं पाप पुन्हा आठवणार नाही. मोडला लोकांनी, नवा करतोय देव! सीनायपाशी मोशेने बैलांचं रक्त शिंपडलं होतं. इथे येशू स्वतःचं देतो.

शेजारच्या आजींनी छोटा प्याला दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. लहानथोर सगळे देवाला ओळखतील, हे यिर्मयाचं वचन मला त्यांच्यात दिसतं. त्यांना वाचता येत नाही, पण कुणी आजारी पडलं की प्रार्थनेला आम्ही आधी त्यांनाच बोलावतो.