तुम्ही विचारलेत म्हणून: रिंगणात उतरणारी माणसे कोणाची?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरचा आमचा पथनाट्याचा खेळ आटोपला की जवळपास दर वेळी कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारते, ‘मध्येच उठून आलेले ते आजोबा तुमच्यातलेच होते ना?’ नव्हते. गर्दीत आपला माणूस पेरून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. आम्ही ती वापरत नाही, कारण पेरलेल्या माणसाचे उत्तर आम्हाला आधीच ठाऊक असते आणि आम्हाला हवे असते ते आम्हाला न सुचलेले उत्तर.

हलगी वाजली की माणसे थांबतात, पण अंतर राखून थांबतात. त्यामुळे सुरुवातीला आम्ही कोणालाच अभिनय करायला सांगत नाही. पुढे बसलेल्या मुलांच्या हाती निळ्या साडीची टोके देतो. ती साडी म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी आमच्यातला एक जण मोठ्याने मोजू लागतो आणि मुले साडी उचलत जातात. 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही, म्हणून तिथून पुढचे आकडे गर्दीच मोजते. 2019 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. तिथवर मोजणी पोहोचली की मुले साडीसकट पुढे सरकतात, कडेची माणसे हसत मागे होतात आणि मागे होता होताच खेळात आलेली असतात.

मग जमिनीवर दोरीची नाव मांडतो. नावेत जागा पाच जणांची, काठावर दहा जण. कोणाला घ्यायचे यावर आमचे नट भांडू लागले की खेळ थांबवून विचारतो, ‘तुम्ही असता तर?’ नटाला थांबवून प्रेक्षकानेच त्याच्या जागी उभे राहायचे, ही रीत ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी 1973 साली पेरूमध्ये घडवली. ते आजोबा चिखलीकडचे होते. म्हशींची दावी कापल्याशिवाय नावेत पाय ठेवणार नाही, असे म्हणून त्यांनी रिकाम्या हाताने एकेक दावे कापले. आमच्या एकाही तालमीत दाव्याची आठवण कोणाला झाली नव्हती.

जो येत नाही त्याला आम्ही ओढत नाही. एकदा आमच्यातल्या एकाने एका तरुणाला हाताला धरून आत आणले, लोक हसले आणि तो मान खाली घालून निघून गेला. ती चूक आमची होती आणि तेव्हापासून कोणाच्या हाताला हात लावायचा नाही, असे ठरले आहे. परवा एका बाईंनी दोनदा मानेनेच नाही म्हटले. खेळ संपून पांगापांग झाल्यावर मी एकटी साडीची घडी घालत असताना त्या पुढे आल्या आणि न बोलता साडीचे दुसरे टोक धरून उभ्या राहिल्या.