डोळ्याचं काम पंधरा मिनिटांत, कागदाचं काम संपता संपेना

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू जानेवारीत काढला. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर शांत, हात हलका, प्रश्न विचारला तर तुटक उत्तर देत नाहीत. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी दवाखान्यावर राग काढतेय. नाव लिहीत नाही. सोलापुरातलाच आहे, एवढं पुरे. माझं भांडण डॉक्टरांच्या केबिनशी नाहीच, केबिनबाहेरच्या काचेच्या काउंटरशी आहे.

तपासणीचा दिवस म्हणजे अर्धा दिवस गेला असंच धरून चला. अकराची वेळ दिली म्हणजे अकराला डॉक्टर बघतील असं नाही, अकराला थेंब सुरू होतील. आधी तक्त्यावरची अक्षरं वाचायची, मग हवेचा फुंकर मारून डोळ्यातला दाब बघतात (आई दर वेळी दचकली), मग बाहुली मोठी व्हायचे थेंब, आणि मग डोळे मिटून बाकावर बसायचं. हे थेंब चार-सहा तास उतरत नाहीत. तोवर जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सुईसारखं टोचतं. काळा गॉगल आणि छत्री घरून न्या, आणि पेशंटला गाडी चालवू देऊ नका. आमच्या शेजारी बसलेले काका मोहोळहून स्वतः मोटरसायकल चालवत आले होते. थेंब पडल्यावर सिस्टरांनी विचारलं, "परत कसं जाणार?" काका म्हणाले, "हळू जातो की!" शेवटी मुलाला फोन करायला लावला.

काउंटरवरच्या मुलींचं एक कौतुक करायला हवं. अक्कलकोट, इंडी, आळंदकडून आलेल्यांशी कन्नड, पूर्व भागातल्या आजींशी तेलुगू, आमच्याशी मराठी, सगळं एका दमात चालू. "बसा की आजी, बोलावते" हे तिन्ही भाषांत येतं त्यांना. पैसे भरून होईपर्यंत आवाजात साखर असते. माझी ओळख झाली ती त्यानंतरच्या आवाजाशी.

लेन्सचं माप घेणारी तपासणी, शुगर, बीपी, ईसीजी, सगळं सुरळीत झालं. लांबचं स्पष्ट दिसेल अशी साधी घडीची (दुमडून डोळ्यात बसवायची) लेन्स घेतली, वाचायला चष्मा लागेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशन पंधरा मिनिटांचं, संध्याकाळी घरी. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या धुळीत जायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे ऐकून आई जरा खट्टू झाली. नंदीध्वजांची मिरवणूक टीव्हीवर बघितली तिने, एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून.

आता विमा. २०२४ पासून नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या, दवाखान्यातही कॅशलेस (बिल कंपनीनेच थेट दवाखान्याला भरायचं) मागता येईल असं विमा कंपन्यांनी जाहीर केलंय, ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी ४८ तास आधी कळवायचं. पण दवाखान्याने हो म्हणायला हवं ना? काउंटरवर विचारलं तर, "आमच्याकडे कॅशलेस नाही. भरून टाका, नंतर क्लेम करा, सगळे तसंच करतात." भरले. क्लेम केला. काही दिवसांनी विमा कंपनीकडून क्वेरी, म्हणजे शंकांचं पत्र, आलं. तीन गोष्टी मागितल्या होत्या: लेन्सच्या डब्यातला तिच्या माहितीचा स्टिकर, बिलाचा तपशील, आणि पेशंटच्या नावातल्या फरकाचा खुलासा.

नावातला फरक म्हणजे काय, तर बिलावर आईच्या नावापुढे 'बाई' लावलेलं, आधारवर आणि पॉलिसीवर ते नाही. नोंदणी करताना मी आधारच दिलं होतं. काउंटरवरच्या मुलीने आदराने लावलं असणार! आदर विमा कंपनीला चालत नाही.

बिल तर बघण्यासारखं होतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, दिवसभर बिलंच बघते. इथे एकच ओळ: 'मोतीबिंदू पॅकेज', समोर एक आकडा, खाली शिक्का. लेन्स केवढ्याची, सर्जनची फी किती, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) किती, काही नाही. आमच्याकडे सुताच्या गाडीचं असं बिल आलं तर मालक गेटवरूनच परत पाठवतील.

हाफ डे टाकून गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पॅकेजचं ब्रेकअप होत नाही." म्हटलं, स्टिकर तरी द्या. "स्टिकर एकच असतो मॅडम, तो आमच्या रजिस्टरला लावतो." मग फाईलची झेरॉक्स द्या. "फाईल रेकॉर्डला गेली, ते बघणाऱ्या मॅडम रजेवर आहेत. सोमवारी या." सोमवारी गेले तर मॅडम होत्या, पण किल्ली सरांकडे, आणि सर ओटीत. फोन करून यायचं ठरवलं तर फोन उचलत नाहीत, उचलला तर "होल्ड करा" आणि मग संगीत. दुपारी एक ते पाच काउंटर बंद, आणि माझी सुट्टी नेमकी दुपारची. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. क्वेरीला उत्तर द्यायची मुदत मात्र तिकडे सरकत होती.

सगळ्यात राग कशाचा आला सांगते. कुणीही "नाही देणार" म्हटलं नाही. नाही म्हणाले असते तर मी सरळ डॉक्टरांकडे गेले असते. प्रत्येक वेळी "देऊ की, देतोच आहोत, फक्त आज नको". आणि डॉक्टरांना भेटायचं तर पुन्हा नंबर लावा, कारण काउंटर ओलांडल्याशिवाय केबिन येत नाही. एकदा मी तशीच आत जायला निघाले तर, "मॅडम, पेशंट कुठेय?" पेशंट घरी शेंगा भाजत होती, तिला सगळं दिसत होतं.

तिथेच बसून भिंतीवर नजर गेली. कॅलेंडरच्या मागे अर्धी झाकलेली रुग्णहक्कांची सनद. राज्यात २०२१ च्या नियमांनुसार दवाखान्यांना ती दिसेल अशी लावावी लागते, म्हणून लावलेली. कॅलेंडर बाजूला सरकवून वाचली. मग घरी येऊन अर्ज लिहिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने वैद्यकीय कागदपत्रं मागितली तर पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. तेवढंच लिहिलं, आवाज न चढवता. आईचं अधिकारपत्र जोडलं. दोन प्रती काढल्या.

काउंटरवर दिला तर मुलगी म्हणाली, "ठेवा इथे." म्हटलं, ठेवत नाही, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का करून द्या. "आम्ही पोच देत नाही." म्हटलं, मग हेच लिहून द्या, की आम्ही पोच देत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आत गेली, आणि ज्या मॅडम कधी सापडत नव्हत्या त्या बाहेर आल्या. "ताई, तुम्ही वकील आहात का?" नाही म्हटलं, अकाउंटंट आहे. शिक्का बसला. तारीख आणि वेळ मी शेजारी उभं राहून लिहून घेतली. खोटं कशाला बोलू, तो शिक्का बघून क्लेम पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

कागद मुदतीच्या आत मिळाले. गंमत म्हणजे रेकॉर्डरूममध्ये काही हरवलेलंच नव्हतं. ओटीच्या सिस्टरांनी फाईल काढून दिली आणि सहज बोलता बोलता सांगितलं की लेन्सच्या डब्यात एकसारखे बरेच स्टिकर येतात, एक रजिस्टरला, एक फाईलला, आणि पेशंटसाठी छोटं कार्डही असतं. आईचं कार्ड फाईलमध्येच पिन केलेलं होतं! त्यावर लेन्सची पॉवर, सीरियल नंबर, सगळं. ते दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही उपयोगी पडतं, म्हणून आता लॅमिनेट करून ठेवलंय. पॅकेजचं ब्रेकअपही झालं, लेटरहेडवर पाच ओळी, टाईप करायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील.

तेव्हा ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी स्टिकर किंवा कार्ड डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यावं, ओटीच्या सिस्टरांकडे, काउंटरवर नाही. बिलावरचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. दुरुस्ती पेनाने केली तर शेजारी शिक्का हवाच. भरती आणि डिस्चार्जची वेळही लिहिलेली पाहिजे, कारण मोतीबिंदूत २४ तास दाखल राहावं लागत नाही, पण वेळ कोरी असली की क्वेरी येते. पॉलिसीत मोतीबिंदूचा खर्च बहुतेक वेळा सुरुवातीची दोन वर्षं मिळत नाही आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते, ते लेन्स निवडायच्या आधी वाचा. आणि दवाखान्याऐवजी विमा कंपनीच अडवत असेल, तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर आपल्यासाठी विमा लोकपाल पुण्यात बसतात. मला तिथवर जावं लागलं नाही.

पैसे आले, मर्यादेपुरते. दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचाय, याच डॉक्टरांकडे. आईला दुसरे नकोत, आणि खरं तर मलाही.

एक सांगायचं राहिलंच. ऑपरेशननंतरचे थेंब बरेच आठवडे चालतात, हळूहळू कमी करत नेतात, आणि ती बिलं आपण मेडिकलवाल्याच्या पिशवीसकट टाकून देतो. टाकू नका. बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा औषधांचा खर्चही ठरावीक दिवसांपर्यंत मिळतो, फक्त प्रत्येक बिलाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. आमचे त्यातलेही थोडे आले.